मासे बंद झाले म्हणून रोज बटाटाच का?

कणकवलीजवळच्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारी ३४ वर्षांची, पतपेढीत नोकरी करते, घरात नवरा, ९ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

"मावशी, नमस्कार. आमच्याकडे जेवण रोज तेच असतं. सकाळी चहा-बिस्कीट नाहीतर पोहे, डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, घरी भात आणि डाळ नाहीतर माशाचं कालवण. १ जूनला मासेमारीबंदी लागून मासे बंद झाले की मग बटाटा, अंडी, पांढरा वाटाणा आणि परत बटाटा. नवऱ्याची शुगर काठावर आलीय, एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१, डॉक्टर म्हणाले आहारात विविधता आणा. मी व्हिडिओ बघून ओट्स, किन्वा, चिया सगळं आणलं, दोन दिवस खाल्लं, आता डबे कपाटात पडलेत. मुलगा हिरवं काही दिसलं की ताट सरकवतो. सासूबाई म्हणतात आम्ही पेज आणि टाकळ्याची भाजी खाऊन वाढलो, आणि पुढे स्वतःच म्हणतात, ता गरिबीचा खाणा, तुमका नको. मला साडेनऊला घर सोडायचं असतं, रोज नवीन चार पदार्थ कुठून करू? माझं हिमोग्लोबिन ९.८ आहे, गोळ्या चालू आहेत. ता.क. परड्यात तेरं (रानअळू) माजलंय पण घसा खाजतो म्हणून कोणी हात लावत नाही, ते खाल्लं तर चालतं का?"

तू मावशी म्हणून लिहिलंस म्हणून मी पण तुला अगं-तुगंच करते.

सगळ्यात आधी ते चार नवीन पदार्थांचं ओझं खाली ठेव. डॉक्टर विविधता म्हणाले आणि तू रेसिपी शोधायला लागलीस, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. तुमच्या घरचं ताट कसं आहे, भात, भातावर काहीतरी पातळ, बाजूला एक भाजी, आणि असेल तर मासा. हा साचा अजिबात मोडू नकोस, घरातल्या सगळ्यांच्या हाताला आणि जिभेला तो बसलेला आहे, तू पण तो डोळे मिटून करू शकतेस. बदलायचं ते साच्याच्या आतलं. भाताच्या जागी भातासारखंच पण वेगळं धान्य, तुरीच्या जागी दुसरं कडधान्य, बटाट्याच्या जागी पाला. एका दिवशी एकच जागा बदलायची, बाकीचं ताट ओळखीचंच राहू दे. ओट्स आणि किन्वा का टिकले नाहीत, कारण त्यांनी अख्खं ताटच बदललं.

आता एक काम कर, मागच्या चार दिवसांत घरात काय काय शिजलं ते आठव, पण पदार्थांची नावं नको, वस्तूंची नावं लिही. पोहे आणि भात म्हणजे तांदूळच दोनदा. चपाती आणि बिस्कीट म्हणजे गहूच. तुझ्या पत्रावरून मी मोजलं तर तांदूळ, गहू, तूरडाळ, बटाटा, वाटाणा, अंडी, आणि कांदा-नारळ धरला तर आठ. पदार्थ बारा-पंधरा झाले असतील पण वस्तू आठच. याउलट गणपतीत ऋषिपंचमीला सासूबाई ऋषीची भाजी करतात ना, ती आठव. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडकी, भेंडी, भोपळा, मक्याचं कणीस, एकाच टोपात दहा-बारा वस्तू, आणि मेहनत बघितली तर एका भाजीचीच. विविधता मोजायची ती अशी.

का एवढा आग्रह, तर प्रत्येक वस्तूत थोडं आहे आणि कुठल्याच एका वस्तूत सगळं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातलं पहिलंच तत्त्व आहे की तऱ्हेतऱ्हेचं खा. त्यांच्या हिशोबात दिवसाला २००० कॅलरीच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि त्यातल्या १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या, फळं १०० ग्रॅम, डाळी-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम. धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये असं ते म्हणतात आणि आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के येते. हे आकडे वजनकाट्यावर तोलत बसायला नाही सांगत मी, फक्त तुमच्या ताटात कुठल्या बाजूला माती खचलीय ते कळावं म्हणून. भाताचा ढीग आणि कडेला दोन चमचे भाजी, हे चित्र मला कोकणात घराघरात दिसतं. आणि बटाटा त्या भाजीत धरायचा नाही, तो भाताचाच भाऊ.

भातापासून सुरू करते. भात सोडू नका. नवऱ्याची शुगर काठावर आहे म्हणून एकदम भात बंद केला की आठ दिवसांनी माणूस चिडतो आणि मग दुप्पट खातो. वाटीने मोजून वाढ, आणि आठवड्यातून तीनदा तरी पांढऱ्याऐवजी उकडा कर. उकडा तांदूळ सालासकट उकडतात, तेव्हा कोंड्यातली बी गटातली जीवनसत्त्वं दाण्याच्या आत उतरतात, मग गिरणीत साल गेली तरी ती बरीचशी टिकतात. उकड्याची पेज सासूबाईंसाठी तर सोन्यासारखी, दात नसले तरी जाते. नवऱ्याला पेज द्यायची असेल तर नुसती नको, सोबत वाटीभर चवळीची नाहीतर मुगाची उसळ पाहिजे, कारण नुसत्या पातळ पेजेने साखर पटकन चढते. आणि दोन दिवस रात्री नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. भाकरी थापायला येत नसेल तर नाचणीचं पीठ तांदळाच्या पिठात निम्मं घालून घावणे काढ, बिडाच्या तव्यावर पाच मिनिटांत होतात, डब्यात पण नरम राहतात. नाचणीची आंबील ताक घालून मुलाला दे शाळेतून आल्यावर, बिस्किटाच्या ऐवजी, रोज नको, एक दिवसाआड.

आता डाळ. तुझ्या घरात कुळीथ आहे का? पत्रात कुठे उल्लेख नाही आणि मला त्याचंच वाईट वाटलं. कणकवलीत राहून घरात कुळथाचं पीठ नाही असं होऊ देऊ नकोस गं. शंभर ग्रॅममध्ये बावीसेक ग्रॅम प्रथिनं, लोह, तंतू, आणि करायला तुरीच्या डाळीपेक्षा सोपं, कुकर पण लागत नाही. तुला सकाळी घाई असते ना, तर ही कुळथाची पिठी कशी करायची ते नीट सांगते. टोपात जरा तेल, त्यात सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, साल असली तरी चालेल, त्या लालसर होऊ दे, कच्च्या राहिल्या तर मजा नाही. मग कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग, हळद. वर तीन वाट्या पाणी, दोन आमसुलं, मीठ. दुसऱ्या वाटीत तीन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालव, गुठळी राहता कामा नये, आणि टोपातलं पाणी कोमट असतानाच ते वरून सोड, उकळत्यात सोडलंस तर गाठी होणारच. आणि आता हात थांबवायचा नाही, कड येईपर्यंत ढवळत राहायचं, पहिल्यांदा फेस वर येतो आणि उतू जायला बघतो, तिथे गॅस बारीक. पाच मिनिटं रटरटू दे, कच्चा वास गेला आणि तो भाजक्या कुळथाचा वास घरभर सुटला की झाली. वरून खोबरं आणि कोथिंबीर. पंधरा मिनिटं. गरम भात, पिठी आणि चुलीत नाहीतर गॅसवर भाजलेला सुका बांगडा किंवा नुसता पापड, माझ्या माहेरी वेंगुर्ल्याकडे पाऊस लागला की संध्याकाळचं जेवण हेच असायचं आणि मी अजून त्याला कंटाळले नाही.

पीठ बाजारात बायका विकतात, बचत गटांकडे मिळतं, नाहीतर कुळीथ आणून भाजून, भरडून, साल पाखडून दळून घे, सासूबाईंना सगळं माहीत असणार.

कुळीथ झाला, मग काळे वाटाणे, चवळी, मूग, मसूर, वाल. रविवारी रात्री एक आणि बुधवारी रात्री एक असं कडधान्य भिजत घालायची सवय लाव, झोपताना गॅस पुसतेस ना, तेव्हाच. मूग, चवळी, कुळीथ यांना मोड काढ. मोड आणल्याने दाण्यातलं फायटिक ॲसिड कमी होतं, त्याने अडवून धरलेलं लोह आणि जस्त मोकळं होतं, आणि क जीवनसत्त्व वाढतं. काळ्या वाटाण्याचं सांबार फक्त जत्रेला आणि गोकुळाष्टमीला असं का, ते मंगळवारी रात्री पण चालतं. वाटप एकदाच जास्त करून फ्रीझरमध्ये ठेव, सुकं खोबरं-कांदा-धणे भाजून, म्हणजे दहा मिनिटांचं काम राहतं.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं ते, पाला. आत्ता पाऊस लागलाय. आठवडा बाजारात घाटावरून आलेल्या टेम्पोतली कोबी-फ्लॉवर-टोमॅटो घेऊन तू परत फिरत असशील, तर पुढच्या वेळी दहा पावलं पुढे जा, जिथे रस्त्याच्या कडेला गोणपाटावर म्हाताऱ्या बाया बसतात, समोर जुड्या आणि वाटे. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, लाल माठ, शेवग्याचा पाला म्हणजे आपला शेगूल. यातलं अर्धं तुझ्या घराच्या पाठीमागे, पाणंदीत उगवलेलं असेल.

टाकळ्याचं सांगते. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत तो जमिनीतून वर येतो, वीतभर असतो तेव्हाच खुडायचा. पुढे पिवळी फुलं धरली की पाला जून झाला, कडू होतो. संध्याकाळ झाली की त्याची पानं जोडीजोडीने मिटतात, आजी आम्हाला दाखवायची, बघा झोपला, आता खुडू नका. सकाळी ती पडवीत सूप घेऊन बसायची आणि देठ टाकून नुसती पानं काढायची, बोटं हिरवी व्हायची तिची. पानं धुवून बारीक चिरायची, तेलात कांदा आणि हिरवी मिरची, त्यात पाला, झाकण न ठेवता वाफ, शेवटी मूठभर ओलं खोबरं. रानात कालवलेल्या मातीचा आणि मेथीचा मधला कसला तरी वास असतो त्याला. पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडी कडसर लागते, म्हणून फणसाच्या आठळ्या घाल. आठळ्या आहेत ना मे महिन्यातल्या? लाल मातीत लिंपून कोनाड्यात ठेवायची पद्धत होती पूर्वी, पावसात भाजी नसते त्या दिवसांसाठी. उकडून, साल काढून, ठेचून टाकळ्यात घातल्या की पिठूळ गोडसर लागतात आणि कडवटपणा झाकतात.

आणि सासूबाई म्हणतात ना गरिबीचं खाणं, त्या शब्दाने मला आतून हलवलं. ज्या भाजीला पैसे पडत नव्हते ती खाल्ली म्हणून त्यांच्या पिढीला लाज वाटायला लावली आपण, पाहुणा आला की टाकळ्याचं भांडं आत सरकवायचं आणि बटाट्याची भाजी पुढे करायची, कारण बटाटा विकतचा. खरं बघितलं तर पालेभाज्यांत लोह, फोलेट, कॅल्शियम, अ जीवनसत्त्वाचं बीटा कॅरोटीन, सगळं बटाट्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांना जाऊन सांग की आई, मला टाकळा आणि कुर्डू ओळखायला शिकवा. आणि खरोखर त्यांच्याबरोबर जा, कारण रानातला पाला फोटो बघून खुडायचा नसतो, एकसारखी दिसणारी दोन झाडं असतात आणि ज्याला ओळख आहे त्याच्या हातानेच घ्यायची. ओळख नसलेला पाला नको म्हणजे नको. आणि रस्त्याच्या कडेचा, जिथे तणनाशक मारलंय तिथला, तो पण नको, काजू-आंब्याच्या बागांत हल्ली खूप मारतात, आधी विचारून घ्यायचं.

मी पण एकेकाळी चुकले यात. आहार सल्ल्याचं काम नवीन होतं तेव्हा मी सगळ्यांना छापील तक्ता द्यायचे, ओट्स, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली, शहरातल्या शिबिरातून आणलेला. एक मासेविक्री करणारी बाई महिन्याने परत आली, तक्ता तसाच चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत, म्हणाली बाई ह्यातला आमच्या बाजारात काय गावत नाय. त्या महिन्यात तिची शुगर वाढली होती. तेव्हापासून मी आधी विचारते, तुमच्या परड्यात काय आहे.

मासे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, ती बंदी माशांच्या विणीसाठी आहे आणि ती पाळली जाते म्हणूनच पुढे वर्षभर ताटात मासा असतो. या दोन महिन्यांत सुकं वापर पण मोजून. सुका जवळा किंवा गोलमा अख्खा खाल्ला जातो, सालासकट, म्हणून त्यातून कॅल्शियम चांगलं मिळतं. मुठभर जवळा कोरडा भाजून, पाण्यातून दोनदा काढून, लाल माठात नाहीतर दोडक्यात घाल, भाजीची चव कुठच्या कुठे जाते. खारा बांगडा मात्र आठवड्यातून एकदाच, आणि त्या दिवशी बाकी जेवणात मीठ हात आखडून, दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या पुढे मीठ जाऊ नये, एक चहाचा चमचा. सासूबाईंना बीपी असेल तर खारं जवळजवळ नकोच. ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या की सुरमई-पापलेटच्याच मागे लागू नकोस, तारली आणि बांगडा घे, स्वस्त आहेत आणि ओमेगा-३ त्यांच्यातच भरपूर. पहिल्या पावसात ओहोळात मासे चढतात ते गावात पकडून आणतात, मिळाले तर एखादं कालवण कर, पण ते अंडी घालायला वर चढलेले असतात म्हणून टोपल्या भरभरून मागवू नका.

मुलाचं. नऊ वर्षांचा आहे, त्याच्यावर ओरडून काही होणार नाही. मुलाला नवी चव पटायला आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते, कधी पंधरा वेळा, आणि आपण तिसऱ्या वेळेला म्हणतो याला आवडतच नाही. त्याच्या आवडीच्या भात-पिठीच्या बाजूला एक चमचा पाला वाढ, खा म्हणू नकोस, नाही खाल्लं तर उचल आणि तीन दिवसांनी परत एक चमचा. त्याला आजीबरोबर पाणंदीत पाठव, स्वतः खुडलेलं मूल निदान चाखून बघतं. आठळ्या सोलायचं काम त्याचं. उकडलेली आठळी अंगठ्याने दाबली की वरची पांढरी साल टचकन सुटते, हे एकदा हाताला जमलं की मुलं दहा-वीस सोलतात आणि निम्म्या तिथेच खातात. कुर्डूची पानं बारीक चिरून घावण्याच्या पिठात घाल, पण गुपचूप नको, त्याला सांगून घाल, नाहीतर एक दिवस कळतं आणि मग घावण्यावरचा विश्वास पण जातो.

नवऱ्यासाठी वेगळं काही शिजवू नकोस. एचबीए१सीचा ५.७ ते ६.४ हा काठाचा पट्टा, ६.१ म्हणजे अजून हातात आहे. त्याने जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि उसळ खावी, भात नंतर, एवढ्या क्रमानेसुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते. चहात साखर किती आणि दिवसाला चहा किती हे तू लिहिलं नाहीस, ते बघ. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं अंगणात तरी चालायचं. आणि बाजारात पाला आणायला त्यालाच पाठव, सासूबाईंकडून नावं लिहून घेऊन. हा सगळा बदल तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको, आजार त्याच्या रिपोर्टात आहे तर पिशवी त्याच्या हातात असू दे.

फळांचं फार ताणत नाही, आंबा संपला आता, केळी-पपई घरची असेल तर रोज एक वेळ, नंतर पेरू, श्रावण-भाद्रपदात चिबूड आणि तवशी. कपाटातल्या चिया फेकू नकोस, ताकात चमचाभर भिजवून संपव, ओट्स घावण्याच्या पिठात दळून घाल. परत आणायची गरज नाही.

आता तुझं. एवढ्या मोठ्या पत्रात नवऱ्याची शुगर सविस्तर, मुलाचे नखरे सविस्तर, आणि स्वतःचं हिमोग्लोबिन ९.८ एका ओळीत, ते पण शेवटी. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, ९.८ म्हणजे जिना चढताना दम लागत असणार, दुपारी पतपेढीत डोळे मिटत असणार. गोळ्या सोडू नकोस, एवढी कमतरता नुसत्या भाजीने भरून निघत नाही, आणि पाळी जास्त जाते का, जंत आहेत का, हे डॉक्टरांना विचार, कारण गळती चालू असेल तर वरून कितीही ओतून काय उपयोग. गोळी चहाबरोबर घेत असशील तर आजपासून बंद, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. पाल्यावर आणि उसळीवर लिंबू पिळ, आवळा असेल तर आवळा, क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. भाजी वाढून झाल्यावर तुझ्या वाटणीला किती उरते? मी इतक्या घरांत बघितलंय, सगळ्यांना वाढून बाई शेवटी बसते तेव्हा कढईत फक्त खरवड असते, मग ती भात, डाळीचं पाणी आणि लोणचं यावर उठते. घरात दहा प्रकार आले तरी तिच्या ताटात तीनच. शेगलाची भाजी केलीस तर पहिली वाटी तुझी काढून झाकून ठेव, मग बाकीच्यांना वाढ. जमलं तर सगळ्यांबरोबरच बस, भांडं मध्ये ठेवून.

तेऱ्याचं. हो, चालतं, आणि चांगलं लागतं, पण ते परड्यातलं तेरं खाण्याचंच आहे ना हे सासूबाईंनी बघितल्याशिवाय कापू नकोस, रानअळूच्या काही जाती भयंकर खाजऱ्या असतात. खाजतं ते पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. आंबट आणि भरपूर शिजवणं, हे दोन उपाय. कोवळी, अजून पूर्ण न उलगडलेली पानं घे, हाताला तेल लाव, देठं सोलून घे, चिरून दोन-तीन पाण्यांतून काढ. मग आठळ्या आणि भिजवलेले शेंगदाणे घालून मऊ गाळ होईपर्यंत शिजव, कच्चं राहिलं की घसा धरलाच. आंबाडे मिळाले तर दोन-चार ठेचून, नाहीतर चिंचेचा कोळ किंवा चार-पाच आमसुलं, हात सैल सोडून. वरून लसणीची चरचरीत फोडणी. आधी तू एक चमचा खाऊन दहा मिनिटं थांब, घशाला काही जाणवलं नाही तरच बाकीच्यांना वाढ, आणि मुलाला पहिल्या दिवशी देऊ नकोस. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्याला तेरं आणि अळू दोन्ही नको. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं, म्हणून शनिवारी रात्री कर आणि रविवारी सकाळी घावण्यांबरोबर खा.